डालगं आणि साखळी

"तुझ्या बंड्यानं अंडं खाल्लं," आत्यानं चहाचा कप माझ्यापुढे आदळत सांगितलं. सकाळचे साडेसहा वाजले होते.

"तू पाहिलंस का?"

"बघायला कशाला पाहिजे? खुराड्याची कडी वर, पेंढा विस्कटलेला, नि साहेबांच्या मिशीला बलक."

साहेब ओट्याखाली पसरले होते. मिशीला बलक होता हे खरं. शेपटीचं टोक दोनदा हललं, पण डोळे उघडले नाहीत. अपराधी माणूस झोपेचं सोंग घेतो तेव्हा त्याचा श्वास जरा जास्तच संथ होतो; कुत्र्याचंही तसंच असतं हे मला गेल्या वर्षभरात कळलं आहे.

आमचं घर पनवेलच्या कडेला, सुकापूरच्या पुढे, नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. जागा तीन गुंठे, भोवती पाच फुटी भिंत. बंड्या माझा. गावठी, दीड वर्षाचा, एक कान उभा नि एक पडलेला. स्टेशनजवळ एका टपरीखाली सापडला तेव्हा चार महिन्यांचा असावा. आत्या आली त्यानंतर. तिचं सासर कोंबडभुजे. विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतलं ते एक. ज्या गावाच्या नावातच कोंबडं, तिथून ती आली ती एक पत्र्याची ट्रंक, पाटा-वरवंटा आणि डालग्यात पाच कोंबड्या नि एक कोंबडा घेऊन. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन टीव्हीवर दाखवत होते तेव्हा ती मागच्या अंगणात खुराड्याला खिळे ठोकत होती. "बघायला ये," म्हणून मी हाक मारली, तर म्हणाली, "माझा ओटा दिसतोय का त्यात? दिसला तर सांग, येते."

आत्या आगरी बोलते. इथे मी तिचं बोलणं माझ्या भाषेत उतरवलं आहे, त्यात तिचा निम्मा तिखटपणा सांडला असणार.

"त्याला बांध," ती म्हणाली.

"दिवसभर?"

"नाहीतर काय, तासाभराला बांधतोस? कोंबडी काय घड्याळ बघून हिंडते?"

"आत्या, दिवसभर साखळीला असलेला कुत्रा जास्त बिथरतो. सुटला की दसपट धावतो. आणि अंगण त्याचंही आहे, तो आधी आला इथे."

"आधी कोण आलं ते बघायचं असेल तर हे अंगणच कुणाचं ते बघावं लागेल. ते काढायचं का?"

ते काढायचं नव्हतं. मी बाजू बदलली. म्हटलं, आपल्या दारात आधी कुत्राच आला. माणूस शेती करायला लागण्याच्या आधीपासून, म्हणजे चौदा-पंधरा हजार वर्षं तरी, तो माणसासोबत आहे. कोंबडी त्यामानाने कालची. २०२२ साली संशोधकांनी जगभरातली जुनी कोंबडीची हाडं पुन्हा तपासली. खात्रीनं पाळीव म्हणता येतील अशी सगळ्यांत जुनी हाडं थायलंडमधली निघाली, साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची. आणि रानकोंबडा माणसाजवळ का आला, याचं उत्तर त्यांनी दिलं ते भात. माणसानं कोरडवाहू भात पेरला, दाणे सांडले, रानकोंबड्या झाडावरून उतरून खळ्यावर आल्या.

आत्यानं हे लक्षपूर्वक ऐकलं, तिच्याबाबतीत हे दुर्मीळ आहे.

"मग ह्यात नवं काय सांगितलं त्यांनी? कोंबडी खळ्यावरच येते. झोडणी झाली की आमच्या खळ्यावर कोंबड्या, चिमण्या, उंदीर, सगळी जत्रा. नि कुत्रा पेंढ्याच्या उडवीला टेकून झोपलेला. कधी वळून नाही बघितलं त्यानं कोंबडीकडे."

"कारण तो तुझा कुत्रा होता का? फार शहाणा?"

"शहाणा कसला, महामूर्ख. पण पोट भरायला गावभर हिंडायचा. इथे हा हिंडणार कुठे? तू भिंत घातलीस. भिंतीत एक कुत्रा, सहा कोंबड्या. दिवसभर तो त्यांच्याकडे बघतो नि त्या त्याच्याकडे."

या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी कडी दुरुस्त करायला उठलो. साधी उचलायची कडी बंड्या नाकानं वर करतो. तिला खाली दाबून मग सरकवायची दुहेरी कडी लावली, त्यातून वर खिळा अडकवला. हे काम करताना जास्वंदीच्या बुंध्याशी माती उकरलेली दिसली. आत तीन अंडी, अखंड, ओळीनं पुरलेली. म्हणजे गेला महिनाभर आत्या ज्या कोंबडीला "खुडूक झाली, अंडी द्यायची थांबली" म्हणून दूषणं देत होती, ती बिचारी इमानानं अंडी देत होती. बंड्या ती तोंडात अलगद धरून नेत होता नि ठेव म्हणून ठेवत होता. खाल्लं ते बहुधा पहिलंच, तेही फुटलं म्हणून.

"बघ," मी म्हटलं, "चोर आहे, खुनी नाही."

हे बोललो आणि पंधराच दिवसांत त्यानं मला खोटं पाडलं.

आत्याकडे एक तलंग होती. तांबडी, पिवळ्या पायांची, पहिल्या अंड्यावर आलेली. त्या पिवळ्या पायांबद्दल मला सांगायचंच आहे, कारण ती गोष्ट आपल्या डोंगरातली आहे. कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, असं डार्विनपासून मानतात. पण २००८ च्या एका जनुकीय अभ्यासात असं निघालं की पिवळ्या कातडीचा गुण त्याच्याकडून आलेला नाही. तो आला करड्या रानकोंबड्याकडून, जो आपल्या सह्याद्रीत राहतो, कर्नाळ्याच्या रानातही आहे. म्हणजे जगातल्या पिवळ्या पायांच्या सगळ्या कोंबड्यांत थोडं आपलं घाटातलं रक्त आहे. मी हे आत्याला कौतुकानं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "पिवळ्या पायांची शिजायला वेळ घेते." बस्स.

तर ती तलंग. दुपारी तीनच्या सुमाराला मागे एकच कलकलाट झाला आणि मग एकदम शांत. मी धावलो. तलंग चिंचेखाली पडलेली. रक्ताचा थेंब नाही. पिसं थुंकीनं ओली, मान मात्र लोळागोळा. बंड्या शेजारी पुढचे पाय पसरून, बूड वर करून उभा होता, खेळायला बोलावताना उभा राहतो तसा. नाकानं तिला ढोसत होता. ऊठ, पुन्हा पळ.

"त्याला कळलंच नाही गं ती मेली ते," मी म्हणालो.

"मला कळलं," आत्या म्हणाली.

तिनं तलंग उचलली, गरम पाण्यात बुडवली, पिसं काढली, संध्याकाळी रस्सा केला. मला घास उतरेना. ती शांतपणे भाकरी मोडत राहिली. "चार महिने माझी कणी खाल्ली तिनं. पुरून काय करू?" आणि मग मुंडी नि पाय पानात लपेटून बाजूला ठेवत म्हणाली, "हे एखाद्या मांजरीला. तुझ्या बंड्याला आज ह्यातलं काही नाही."

"बंड्यानं खायला नाही मारली. खेळ होता तो."

"तेच तर वाईट. मी मारते ती भुकेनं मारते. गटारीला, पाहुणा आला तर, देवीच्या मानाला. सांगून, पाणी पाजून. ह्यानं कशाला मारली? दुपार जात नव्हती म्हणून?"

"प्राण्याला कसला आलाय हेतू—"

"हेतू मी त्याचा नाही विचारत, तुझा विचारते. रोज चिकनवाल्याकडनं पाय-मुंड्या कोण आणतो? कुकरमध्ये भातासोबत कोण शिजवतो? सकाळ-संध्याकाळ कोंबडी त्याच्या थाळीत. नि अंगणातली समोर आली की मात्र त्यानं ओळखायचं नाही, होय रे?"

पनवेलमध्ये कुत्रं पाळणाऱ्या निम्म्या घरांत हा कुकर रोज लागतो. मी तिला समजावलं की खाणं आणि पाठलाग या कुत्र्याच्या डोक्यातल्या वेगवेगळ्या खोल्या आहेत. लांडग्यात बघणं, दबा धरणं, धावणं, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं ही अख्खी साखळी असते. कुत्र्यात ती तुटक झाली. कुणात फक्त दबा उरला, कुणात फक्त धावणं. मेंढपाळाचा कॉली मेंढ्या वळवतो तो त्या साखळीच्या पहिल्या तीन कड्यांवर. पोट भरलेला कुत्राही धावणाऱ्या वस्तूमागे धावतो. बंड्याला उद्यापासून वरण-भात घातला तरी तो धावेलच.

"म्हणजे सुधारणार नाही."

"म्हणजे थाळीचा संबंध नाही."

"मग घाल उद्यापासून वरण-भात. संबंध नाही ना?"

वादात हरण्याच्या अनेक तऱ्हा असतात. स्वतःच्याच मुद्द्यावर हरणं सगळ्यांत महाग पडतं. बंड्या हल्ली सुकट-भात खातो.

त्या आठवड्यात उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. एकानं सांगितलं, मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधायची, कुजेपर्यंत. आत्यानंच त्याला हुसकावलं: "घरात माणसं राहतात आमच्या." दुसऱ्यानं अंड्याला भोक पाडून आतलं काढायचं, मिरचीपूड भरायची नि खुराड्यात ठेवायचं असं सांगितलं. हे केलं. बंड्यानं ते अंडं खाल्लं, जीभ बाहेर काढून चार घोट पाणी प्यायला आणि दुसऱ्या अंड्यासाठी परत आला. आगरी मसाल्याच्या सुकटीवर पोसलेल्या कुत्र्याला मिरची ती काय दाखवणार?

"मारून बघितलंस?" आत्यानं विचारलं.

"नाही, आणि मारणारही नाही. मारलं की तो कोंबडीला नाही, मला घाबरेल. मी नसताना पुन्हा करेल."

"हे बाकी खरं," ती म्हणाली. तिनं माझं काही मान्य केल्याची नोंद मी ठेवतो. या वर्षातली ही दुसरी.

मग ती ओट्यावर बसून सांगायला लागली, कोंबडभुज्याचं. कुत्री वियायची ती ओट्याखालीच, पेंढ्यात. पिल्लांचे डोळे उघडले की ती रांगत कोंबड्यांच्या मधे यायची. एखादं पिल्लू पिल्लांवरच्या कोंबडीजवळ गेलं की ती अंग फुलवून नाकावर अशी टोच मारायची की पिल्लू किंचाळत आईखाली शिरे. "एकदा. फार तर दोनदा. मग जन्मभर वळसा घालून जातं. आम्ही काय शिकवत होतो? कोंबडी शिकवत होती. तुझ्या बंड्याला हे शिकवायला कोण होतं? टपरीवाला?"

माझ्या पुस्तकांतलं ज्ञान आणि आत्याचा ओटा इथे अनपेक्षितपणे एकाच ठिकाणी येऊन बसले. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जो सवंगडी म्हणून भेटतो, तो पुढे सवंगडीच राहतो, असं श्वानशास्त्रही सांगतं. मी तिला ऑस्ट्रेलियातली गोष्ट सांगितली. व्हिक्टोरिया राज्यात वॉरनांबूल गावाजवळ मिडल आयलंड म्हणून एक बेट आहे. तिथे छोटे पेंग्विन शेकड्यांनी होते. ओहोटीला कोल्हे चालत जायचे नि त्यांचा फडशा पाडायचे, शेवटी दहासुद्धा उरले नाहीत. तेव्हा कोंबड्या पाळणारा एक शेतकरी म्हणाला, माझे मरेमा कुत्रे कोंबड्या राखतात, पेंग्विन का नाही राखणार? २००६ मध्ये त्याची कुत्री बेटावर नेली आणि कोल्हे यायचे थांबले. तिच्यावर पुढे सिनेमाही निघाला.

"पेंग्विन म्हणजे?"

मी फोनवर दाखवलं.

"हा तर कोट घातलेला कोंबडाच की," आत्या म्हणाली. "म्हणजे त्या गोऱ्यानं कोंबड्यांत कुत्रा वाढवला, तो पुढे कुणालाही राखायला लागला. नि तू मला पुस्तकातून सांगतोस."

"पण बंड्याची वेळ टळून गेली, हेच मी म्हणतोय. आता फक्त व्यवस्था करता येते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही."

"मी दोष कुठे देते? कोंबड्या मोजते फक्त."

मोजण्यावरून एक सांगायला हवं, नाहीतर बंड्यावर अन्याय होईल. आत्याच्या आजवरच्या नुकसानाचा हिशेब तिच्याच तोंडून ऐकला तर कुत्रा फार खाली लागतो. वरती आहे मानमोडी. कोंबड्यांची मान वाकडी होते, पंख लोंबतात, हिरवी हगवण लागते आणि आठवड्यात खुराडं रिकामं. सरकारी कागदात तिला राणीखेत म्हणतात, कुमाऊँतल्या त्या गावावरून. कोंबडभुज्याला एका उन्हाळ्यात तिच्या अकरा कोंबड्या सहा दिवसांत गेल्या. लस आहे, स्वस्त आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकायचा. पण कुपी शंभर मात्रांची असते, बर्फातून आणावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या मालकिणीनं उरलेल्या पंच्याण्णव मात्रांचं काय करायचं? पूर्वी आळी होती, वीस घरांच्या कोंबड्या एका सकाळी उरकायच्या. आमच्या रस्त्यावर कोंबड्या पाळणारं दुसरं घर नाही. शेजारच्या इमारतीत चाळीस बिऱ्हाडं आहेत, त्यांची आमच्याकडे एकच विनंती असते: कोंबड्यानं साडेचारला आरवू नये.

"चिरनेरचं विसरलास," आत्या मधेच म्हणाली.

२०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यात, चिरनेरला, घरगुती कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारायचे असा नियम आहे, आजारी असो वा धडधाकट. आपल्याकडे ते भय २००६ मध्ये नवापूरपासून सुरू झालं, पण नवापूर पोल्ट्रीवाल्यांचं, चिरनेर ओट्यावाल्यांचं.

"ह्यात कुत्र्याचं काय?" ती म्हणाली. "मेलेला कावळा दिसला की तुझा बंड्या आधी पोचतो."

हा मुद्दा मला मान्यच करावा लागला. कॅनडात २०२३ मध्ये एका पाळीव कुत्र्यानं मेलेला जंगली हंस चघळला आणि त्याच रोगानं तो मेला. तेव्हापासून अंगणात काहीही पक्षी मरून पडला तर हात न लावता, पिशवीनं उचलून, चुना टाकून खोल पुरायचा, असा ठराव एकमतानं झाला. आमच्या घरातला एकमताचा ठराव हा एवढाच.

बाकी सगळं मतभेदातच उभं आहे. जाळी घ्यायला गेलो तर मी साधी षटकोनी कोंबडीजाळी उचलली. आत्या दुकानदारासमोर म्हणाली, "ही कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर नाही ठेवत." बरोबर होतं. ती जाळी बंड्या दातांनी ओरबाडतो आणि मुंगसाला तर ती नुसती शिडी. अर्ध्या इंची वेल्डमेश घेतली, तळाशी फूटभर जमिनीत गाडली, बाहेरच्या बाजूला वळवून, म्हणजे उकरणारा उकरतो तिथेच जाळी लागते. मुंगसाची वाट बंद झाली. पण मग पाऊस. पनवेलच्या पावसात जाळीच्या आतली माती चार दिवसांत राडा होते, भाताचा तूस टाकावा तर तो भिजून गोळा, आणि वास असा की डोळ्यांत पाणी येतं. कोंबड्यांना रक्ती हगवण लागते ती ह्याच ओलीनं. त्यांना कोरडी राख-माती लागते लोळायला. आमच्या अंगणात पावसाळ्यात अशी कोरडी जागा एकच: ओट्याखालचा खड्डा, जो बंड्यानं स्वतःच्या पायांनी उकरला आहे. त्या खड्ड्यावरून जे महायुद्ध चाललं त्यात कोंबडा जिंकला, हे मी बंड्याचा मालक असूनही नोंदवतो.

शेवटी वेळापत्रक ठरलं. सकाळी कोंबड्या जाळीत, बंड्या मोकळा. चार वाजता मी त्याला साखळीला, नाहीतर फिरायला, कोंबड्या अंगणात. दिवेलागणीला आत्या त्यांना मोजून खुराड्यात घालते. रात्री बंड्या मोकळा, आणि खुराड्याच्या दाराशीच झोपतो. रानमांजरापासून राखण करतो असं मी म्हणतो. तिथे कोंबड्यांचा वास जास्त येतो म्हणून झोपतो असं आत्या म्हणते.

"बघ, म्हणजे कुत्रा आहे म्हणून कोंबड्या आहेत," मी एकदा म्हणालो.

"भिंत नसती तर दोन्ही असते, नि दोघांना कळलंही नसतं," ती म्हणाली. "हे काय, पाळीपाळीनं सोडायचं? कोंबडी सुटली की कुत्रा बांधलेला, कुत्रा सुटला की कोंबडी झाकलेली. जेलात असतं असं."

"मग उपाय सांग."

तिनं सांगितला नाही. पण गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी चारला ती घरात नसते. आमच्या मागच्या गल्लीत पाण्याच्या टाकीखाली एक कुत्री व्यालीय, चार पिल्लं, डोळे उघडून आठवडा झाला असेल. आणि आमच्याकडे ती खुडूक कोंबडी, जिला आत्यानं मेमध्ये रवणीला बसवली होती, ती एकवीस दिवस पुरे करून सात पिल्लं घेऊन उठली आहे. परवा मी छत्री घेऊन आत्याला शोधत गेलो. ती टाकीखाली उकिडवी बसलेली. समोर डालगं पालथं, त्यात कोंबडी नि पिल्लं. कुत्री शेजारी, आत्यानं आणलेली भाकरी चावत. तिचं एक काळं पिल्लू डालग्याच्या कामट्यांतून नाक आत घालत होतं.

"आत्या, दुसरा कुत्रा आणायचा नाही. आधीच सांगतो."

"कोण आणतंय?"

"आणि आणायचाच झाला तरी आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचा नाही."

"म्हणून तर मी इथे येते," ती म्हणाली. "गप्प बस. आता टोचेल."